वर्ष संपतंय, वही उघडूया



डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला. मोबाईलवर नवीन वर्षाच्या शुभेच्छांचे फोटो यायला सुरुवात झाली. १ तारखेला आम्हीही टाकूच. पण त्याआधी सरत्या वर्षाचं एक काम उरलंय, ते संपवूया.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या डिसेंबरात संस्थेच्या खोलीत टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली होती. प्रत्येक सभासदानं तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या होत्या. येत्या वर्षात घरचं एक काय करणार आणि धंद्याचं एक काय करणार. बऱ्याच जणांनी लिहिलं. काहींनी आमच्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. काही जण हसले, "आम्हाला काय कंपनीतल्यासारखं टार्गेट असतंय व्हय?" म्हणाले आणि चहा पिऊन घरी गेले.

ती वही आम्ही गेल्या आठवड्यात उघडली. एकेक पान वाचत गेलो. कुणाचं नाव इथं घेत नाही, पण काय काय लिहिलं होतं ते सांगतो.

धंद्याच्या रकान्यात बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिली होती. "यंदा मासे जास्त मिळावेत." "तलावाला पाणी चांगलं राहावं." "पूर येऊ नये." "मोठा कटला लागावा." दोघा-तिघांनी फायबरची नवीन होडी लिहिली होती. घरच्या रकान्यात मात्र पुष्कळ तऱ्हा होत्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. मुलीची दहावी. पत्रा काढून स्लॅब. मावा सोडणार. व्यापाऱ्याची उचल फेडणार. एकानं लिहिलं होतं, "भावाशी बोलायला सुरू करणार." एवढंच.

आईचं ऑपरेशन झालं. मुलगी पास झाली, कॉलेजला जाते. भाऊ-भाऊ गणपतीत एका पंगतीला बसले, आम्ही डोळ्यांनी बघितलं. माव्याचं काय झालं ते ज्याचं त्याला माहीत. पण धंद्याच्या रकान्यातलं जवळजवळ काहीच जमलं नाही. घरचं जमतंय आणि धंद्याचं जमत नाही, असं का होतंय, हा आजच्या लिखाणाचा विषय.

पण तुमच्या पानांवर बोलण्याआधी आमचं पान वाचून दाखवणं भाग आहे. पहिल्या पानावर संस्थेनं स्वतःसाठी चार कामं लिहिली होती.

एक, लाइफ जॅकेट. पुढं कंसात लिहिलं होतं, "खजिनदारांनी मार्चच्या आत आणायची." ती आली. वाटली. आज त्यातली निम्मी तुमच्या घरात खिळ्याला टांगलेली आहेत. "गरम होतंय", "जाळं टाकताना अडतंय" ही कारणं आम्ही ऐकली आहेत. त्यावर पुढं बोलू.

दोन, वजनाची पावती. प्रत्येक सभासदाचा माल संस्थेच्या काट्यावर मोजून पावती द्यायची. एप्रिलमध्ये सुरू केलं, पावसात बंद पडलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. अर्धं काम.

तीन, तलावात सोडायची बोटुकली चार इंचाची घ्यायची. एका तलावाला घेतली. दुसऱ्याला पैसे कमी पडले म्हणून बारीक बीज सोडलं. हेही अर्धं.

चार, "सर्व सभासदांचे विम्याचे कागद पावसाआधी पूर्ण करणे." हे झालं नाही.

हे चौथं काम काय होतं ते सगळ्यांना नीट कळावं म्हणून सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख. अपघातानं दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता आपण भरायचा नसतो, तो केंद्र आणि राज्य सरकार भरतं. आपण फक्त कागद द्यायचे आणि यादीत नाव चढतंय की नाही ते बघायचं.

ऑगस्टमध्ये नदी दुथडी होती. आपल्यातला एक सभासद पहाटे जाळं काढायला गेला आणि परत आला नाही. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. हे लिहिण्याआधी आम्ही घरी जाऊन वैनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा. दुसऱ्या घरात तरी असं होऊ नये."

त्याचे कागद आमच्याच कपाटात होते. जानेवारीत त्यानं स्वतः आणून दिले होते. संस्थेच्या रजिस्टरला नाव मराठीत. आधारवर कन्नड आणि इंग्रजीत, आणि तिथं वडिलांचं नाव नाही. बँकेच्या पासबुकावर गावाचं नाव आडनावासारखं पुढं लागलेलं. तिन्ही कागदांवर माणूस एक आणि नावं तीन. यादीत चढवण्याआधी ती एकसारखी करून घ्यायची होती. तालुक्याला एक फेरी आणि एक अर्ज, एवढंच काम. "पुढच्या आठवड्यात करू" म्हणता म्हणता मे संपला. मग पाऊस लागला. यादी गेली त्यात त्याचं नाव नव्हतं.

सभासदांनी वर्गणी काढून घरी पैसे दिले. पण ती माणुसकी झाली, तो विमा नव्हे. दोन मुलांची शाळा वर्गणीवर चालत नाही.

दिवाळीनंतर आम्ही ती वही घेऊन वैनींकडं गेलो होतो. आमची चूक त्यांना आमच्या तोंडून सांगायची होती. चौथं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिवल्यालं हाय की. मग?"

त्या "मग?"ला तेव्हा आमच्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून विचार करतोय. जे सुचलं ते तुमच्यापुढं ठेवतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर संस्थेत येऊन भांडा.

पहिली गोष्ट. आपण धंद्याचं म्हणून जे लिहितो ते पाण्याचं असतंय, आपल्या हातातलं नसतंय. पाऊस किती पडणार, धरणातून पाणी कधी सोडणार, यातलं काहीही आपल्या वहीत लिहून ठरत नाही. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर चढलं, मोठमोठ्या गाड्या थांबल्या, तिथं आपली होडी आणि जाळी कुठं टिकणार? २०२३ ला उलटं झालं, पावसानं दगा दिला, तलाव तळाला गेले. दरवर्षी जोराचा पाऊस झाला की जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर हे बंधारे पाण्याखाली जातात. वेदगंगा आणि दूधगंगा महाराष्ट्रातून येतात. पाटगावला आणि काळम्मावाडीला किती पाऊस झाला त्यावर आपल्या इथलं पाणी ठरतं. तिथल्या दारांची चावी आपल्या संस्थेत नाही.

म्हणून "मासे जास्त मिळावेत" ही प्रार्थना झाली. देवळात जरूर करा. वहीत लिहायचं ते हातातलं काम.

हातातलं म्हणजे काय? जाळ्याचा आस हातात आहे. आता दोनशे ग्रॅमचे पाच कटले बारीक आसाच्या तंगूस जाळ्यात येतात. पाच मिळून एक किलो. बारीक माल म्हणून व्यापारी भाव पाडून घेतो. तेच पाच मासे तलावात राहिले आणि किलो-किलोचे झाले तर पाच किलो होतात, आणि मोठ्या मालाचा भाव वर मिळतो. मासे तेच पाच, पाणी तेच. फरक फक्त जाळ्याच्या आसाचा आणि थोड्या महिन्यांच्या दमाचा. "यंदा मोठा कटला लागावा" असं ज्यांनी लिहिलं त्यांच्यातल्या काहींच्या होडीत आम्ही बारीक आसाचं जाळं बघितलंय. राग मानू नका. घरात तेल-मीठ संपलेलं असताना तलावातला मासा मोठा व्हायची वाट बघणं सोपं नाही, हे आम्हाला कळतंय. पण मग वहीत लिहायचं ते हे, "मार्चपर्यंत बारीक आसाचं जाळं तलावात टाकणार नाही." हे पाळलं की मोडलं ते आपल्यालाच कळतं. पावसाला दोष देता येत नाही.

बीजाचंही तेच. रोहू, कटला, मृगळ हे नदीच्या वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे मासे. बांधलेल्या तलावात ते आपोआप वाढत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करायला लागायचं, आणि त्यात नको त्या जातीचं बीजही यायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुळ इथं डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांना इंजेक्शन देऊन प्रजनन घडवून आणलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात. त्यांनी नदीला पूर यायची वाट बघितली नाही, जे हातानं करता येईल ते शोधलं. आज आपल्याला चार इंचाची बोटुकली पैसे देऊन मिळते ती त्या कामामुळं. बारीक बीज सोडलं तर मरळ आणि बाकीचे शिकारी मासे त्यातलं पुष्कळ खाऊन टाकतात. चार इंचाचं जास्त जगतं. दुसऱ्या तलावाला आम्ही पैसे वाचवले आणि मासे घालवले. हे पान आमचं आहे, तुमचं नव्हे.

दुसरी गोष्ट. लाइफ जॅकेट आली आणि विम्याचे कागद राहिले, याचं कारण त्या दोन वाक्यांतच आहे. एकात माणूस आहे आणि महिना आहे. खजिनदार, मार्च. दुसऱ्यात "सर्व सभासदांचे" आहे आणि "पावसाआधी" आहे. कुणी करायचं ते नाही. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं, हे आपण ग्रामसभेत बघतो, लग्नाच्या मांडवात बघतो, आणि संस्थेतही तेच झालं. सचिव म्हणून ते आम्ही आमच्या नावावर घ्यायला पाहिजे होतं. घेतलं नाही.

घरच्या रकान्यातली कामं का जमली तेही यातच आहे. "आईचं डोळ्याचं ऑपरेशन" लिहिणाऱ्या माणसाला कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता. आई त्याची, फेरी त्याची. भावाशी बोलायचं होतं ते त्यालाच बोलायचं होतं.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी. आपलं वर्ष ३१ डिसेंबरला संपत नाही.

नोकरदाराचं वर्ष डिसेंबरात संपतं. संस्थेचं हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मग ऑडिट होतं आणि सर्वसाधारण सभेत आम्हाला तुमच्यापुढं उभं राहून आकडे वाचावे लागतात, कारण कायदाच तसा आहे. सहकाराची ही रीत आपल्या भागात जुनी आहे. १९०५ ला आपल्याच कर्नाटकात गदगजवळ कणगिनहाळ इथं शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था निघाली. मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था १९१३ ला कोकणात, कर्ला मच्छीमार सहकारी संस्था म्हणून निघाली. तेव्हापासून संस्थेला वर्षातून एकदा हिशोब द्यावाच लागतो. घराला मात्र कोण विचारतंय?

पण पाण्यावर पोट असलेल्या माणसाचं वर्ष पावसाबरोबर संपतं आणि पावसाबरोबरच सुरू होतं. मृग निघाला, मासे अंड्यावर आले की जाळी वर येतात. पूर ओसरला की नवीन पाणी आणि नवीन बीज. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत खरी काढणी. म्हणजे डिसेंबर हा आपल्या वर्षाचा शेवट नव्हे, मध्य आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे बरोबर माहीत होतं. पावसाळ्यात नदी चढलेली असायची, काम बंद. मग सोप्यात बसून जाळी विणायची आणि फाटलेली दुरुस्त करायची. एका जाळ्याला दिवसच्या दिवस जायचे. हात चालू आणि तोंडही चालू. कुठं किती मासे लागले, कुठं जाळं अडकलं, कुणाची बाकी किती, पोरीचं लग्न यंदा की पुढल्या साली, हे सगळं त्या सुताच्या गाठी मारता मारता ठरायचं. बायका तिथंच बसलेल्या असायच्या, पोरं ऐकत असायची. कुणी त्याला वार्षिक आढावा म्हणत नव्हतं. पण आढावाच होता तो.

मग तयार नायलॉनची जाळी आली. आता तंगूस. एक हंगाम वापरायचं, फाटलं की टाकायचं आणि नवीन आणायचं. दुरुस्त करत कुणी बसत नाही. आम्ही जुन्या सुताच्या जाळ्याकडं परत चला असं म्हणत नाही, ते काय शक्य नाही. पण जाळ्याबरोबर ते बसणंही गेलं. आता पावसाळ्यात सगळे आपापल्या मोबाईलवर असतात, आम्ही धरून. वर्षाचा हिशोब करायला जी हक्काची वेळ होती ती कधी निघून गेली ते कळलंच नाही.

म्हणून डिसेंबर हा रडायचा महिना करू नका. शेवट समजला तर आपण म्हणतो, "गेलं वर्ष, आता पुढल्या साली बघू." मध्य समजला तर आपल्या हातात जानेवारी ते मे असे पाच महिने आहेत. जे कागद राहिलेत ते पाऊस लागायच्या आत होऊ शकतात. जे जाळं बदलायचंय ते उन्हाळ्याच्या काढणीआधी बदलता येतं. ऑगस्टमध्ये जे घडलं ते आपण डिसेंबरात बदलू शकत नाही. पुढच्या ऑगस्टचं मात्र बदलू शकतो.

आता घरच्या बाजूचं थोडं.

वही वाचताना एक गोष्ट खटकली. जवळजवळ सगळं अक्षर पुरुषांचं. पण मासे पाटीत भरून बाजारात बसतात कोण? निपाणीच्या बाजारात असो, बेळगावात असो, नाहीतर गावोगाव दारावर असो, गिऱ्हाइकाशी घासाघीस करून पैसा घरात आणतात त्या आपल्या आया, बहिणी, बायका. कुठल्या दिवशी काय खपतं, गोव्याचा आणि मालवणचा समुद्राचा मासा आला की आपल्या रोहूचा भाव किती उतरतो, कुणाकडं किती उधारी अडकली, हा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो. आणि वर्षाचं ठरवायच्या वेळी त्यांना विचारतच नाही. यंदा वही संस्थेत बसून लिहायची नाही. घरी घेऊन जायची, घरात बसून लिहायची, आणि दोघांच्या सह्या.

उचलीचं बोलल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. "व्यापाऱ्याची उचल फेडणार" असं अनेकांनी लिहिलं होतं. फारच थोड्यांची फिटली. व्यापारी वाईट असतो असं नाही, अडीनडीला रात्री दहा वाजता दार तोच उघडतो. पण उचल घेतली की माल त्यालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावानं आणि त्याच्याच काट्यावर. व्याज कागदावर दिसत नाही, भावातून कापलं जातं. म्हणून तर वजनाची पावती सुरू केली. पावती असली की वर्षाच्या शेवटी उचल किती आणि तिच्यापायी भावात किती गेलं, हे समोर दिसतं. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. खेळत्या भांडवलाला ७ टक्के व्याज आणि वेळेत फेडलं तर ३ टक्क्यांची सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. बँकेत फेऱ्या माराव्या लागतात, कागद मागतात, एकदा परत पाठवतात, हे सगळं खरं. पण "उचल फेडणार" एवढं लिहून भागत नाही. "फेब्रुवारीच्या आत क्रेडिट कार्डाचा अर्ज बँकेत देणार" हे लिहिलं तर ते काम होतं.

अर्ज म्हटलं की आपल्याकडं आणखी एक अडचण. अर्ज कन्नडमध्ये आणि आपण मराठी शाळेत शिकलेले. मीनुगारिके इलाख्याचा कागद आला की तो कपाटात ठेवून कुणी वाचणारा यायची वाट बघायची, हे आम्ही स्वतः केलंय. त्या विम्याच्या कागदांना उशीर व्हायला हेही एक कारण होतं. पण आपल्या घराघरातली पोरं शाळेत कन्नड शिकतात, फाडफाड वाचतात. मग लाज कसली? यंदा आठवड्यातून एक संध्याकाळ दोन पोरं-पोरी संस्थेत बसून सभासदांचे कागद वाचून देतील, अर्ज भरून देतील. त्यांना संस्थेकडून काहीतरी मानधन देऊ. आम्हीही त्यांच्याकडून शिकायचं ठरवलंय. या वयात कन्नड वाचायला शिकणं हे आमच्या घरच्या रकान्यातलं यंदाचं वाक्य.

आणि ज्यांनी टार्गेट म्हणून चेष्टा केली त्यांना राग न मानता सांगतो. तुमचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पाण्यावरच्या माणसाला महिन्याला इतके किलो असं लिहून देता येत नाही, आणि कुणी ते मागूही नये. ज्या वर्षी पुरानं होडी नेली त्या वर्षी "तुझं ठरवलेलं का नाही झालं" असं विचारणं हा निर्दयपणा आहे. म्हणून तर म्हणतोय, पाण्याचं लिहू नका. लाइफ जॅकेट खिळ्याला राहिलं की अंगावर आलं, हे विचारू शकतो. पुरानं जॅकेट घालायला कुणाला अडवलं नव्हतं.

तर यंदाची पद्धत अशी ठेवूया.

१. घरचं एक आणि धंद्याचं एक. दोनच. दहा लिहिणाऱ्याचं एकही होत नाही.

२. धंद्याचं जे लिहाल ते पाऊस पडो न पडो करता येईल असं असावं.

३. पुढं कुणी करायचं त्याचं नाव आणि कुठल्या महिन्यात ते लिहायचं.

४. मेच्या शेवटच्या रविवारी, पावसाच्या तोंडावर, सगळ्यांनी वही घेऊन परत बसायचं. ज्यांचं राहिलं त्यांना हसायचं नाही. काय अडलं तेवढं विचारायचं, आणि कुणाला हात देता आला तर द्यायचा.

संस्थेच्या पानावर आम्ही यंदा एकच काम लिहिलंय. "प्रत्येक सभासदाचं नाव आधार, पासबुक आणि रजिस्टरला एकसारखं करून विम्याच्या यादीत चढवणं. सचिव. ३० एप्रिल." यादी संस्थेच्या दारावर लावू. ज्याचं नाव चढलं त्याच्यापुढं खूण. ३० एप्रिलला एक जरी नाव खुणेशिवाय राहिलं तरी सर्वसाधारण सभेची वाट बघू नका. दारात उभं करून विचारा.

वैनींनी परवा आणखी एक सांगितलं. त्यांचा मोठा मुलगा पुढच्या वर्षी होडीवर जायचं म्हणतोय. शाळा सोडू नको म्हणून त्यांनी त्याला सांगितलंय, पण घरात पैसा नाही हे त्यालाही दिसतंय. त्या वहीत त्यांच्यासाठी एक पान कोरं ठेवलंय. त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. मुलाच्या शाळेच्या फीचं काय करता येईल ते आपण सगळ्यांनी मिळून रविवारी ठरवायचं आहे. तेवढ्यासाठी तरी या.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता, संस्थेच्या खोलीत. गेल्या वर्षीची पानं आपापली वाचायला मिळतील, नवीन वही तिथंच मिळेल. येताना आधार, पासबुक आणि घरातलं कुणीतरी घेऊन या. आणि होडीनं येणाऱ्यांनी जॅकेट घालून यावं, ही विनंती.

नवीन वर्ष सगळ्यांना सुखाचं जावो. पाणी देईल ते देईल. आपलं काम आपण करूया.

आपला,
सचिव, आणि संचालक मंडळ